घरच्या शिवणात प्रेस बटण बसवताना: सुई, पक्कड आणि हातोडीचे काम

प्रेस बटण उपटून हातात येते, तेव्हा त्याच्याबरोबर बहुधा कापडाचीही एक बारीक गोल चकती सुटून आलेली असते. त्या चकतीकडे नीट पाहिले, तर दोष कुठे होता ते कळते. बटणाचे दोन्ही भाग घट्ट असतात, काटाही शाबूत असतो. फाटलेले असते ते त्यांच्यामध्ये धरलेले कापड. माझ्या भाचीसाठी मी शिवलेल्या पहिल्या जाकिटाचे असेच झाले होते. ठाणे स्टेशनच्या जिन्यावर उकडायला लागले म्हणून तिने जाकीट घाईने उघडले आणि वरून दुसरे बटण कापडासकट निघून आले. हातोडी पुरेशी जोरात बसली नसेल, असे मला आधी वाटले. घरी आल्यावर उजेडात धरून पाहिले, तेव्हा लक्षात आले की एकेरी सुती कापडाला मी गरजेपेक्षा मोठे भोक पाडले होते आणि आतून कसलाच आधार दिला नव्हता. त्यानंतर आजवर बरीच बटणे बसवली आणि थोडी उपटूनही काढली, आणि माझी खात्री होत गेली की हे काम निम्म्याहून अधिक कापडाचे आहे. हत्याराची पाळी शेवटी येते.

ज्यांना शिवणयंत्रावर सरळ टीप मारता येते, परंतु काज करणे अजून अवघड वाटते, अशा नवशिक्यांना समोर ठेवून पुढची माहिती लिहिली आहे. कारखान्यात पायाने दाबायचे जे यंत्र असते, ते घरी लागत नाही. सुईदोरा, एक हातपक्कड आणि हातोडीबरोबर वापरायचा लहानसा संच एवढ्यावर पिशवीपासून पावसाळी जाकिटापर्यंत सगळे करता येते.

बटण कशाला धरते

प्रेस बटणाचे दोन अर्धे असतात. ज्यावर उंचवटा असतो त्याला दुकानदार नर म्हणतात आणि ज्यात खळगा असतो त्याला मादी. धातूच्या चांगल्या बटणात खळग्याच्या आत बारीक स्प्रिंग असते. उंचवटा आत शिरताना ती बाजूला सरकते आणि तो शिरला की त्याच्या मानेभोवती पुन्हा मिटते. जर्मनीत हेरिबर्ट बाउअर यांनी १८८५ साली अशा बटणाचे पेटंट घेतले, ते पुरुषांच्या विजारीसाठी होते, आणि १९०३ साली हान्स प्रिम यांनी त्यात इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या वळणाची स्प्रिंग बसवून ते अधिक भरवशाचे केले. जाड कापडाच्या आणि चामड्याच्या कामाला जी भक्कम बटणे मिळतात, त्यांतल्या काहींच्या मादीत डोकावून पाहिले तर ही वळणदार स्प्रिंग आजही दिसते. प्लास्टिकच्या बटणात वेगळी स्प्रिंग नसते. खळग्याची कडच किंचित लवते.

मात्र ही सगळी रचना दोन अर्ध्यांनी एकमेकांना धरावे यासाठी आहे. प्रत्येक अर्ध्याने कापडाला धरण्याची व्यवस्था निराळी असते आणि आपले काम फक्त तिच्याशी असते. शिवायच्या बटणात ते काम दोरा करतो. दातेरी कडीच्या बटणात कडीचे पाच-सहा दाते कापडातून वर येतात आणि समोरच्या भागाच्या खोबणीत वळतात. काट्याच्या बटणात टोपीमागचा (बाहेरून दिसणाऱ्या गोल भागामागचा) काटा किंवा नळी कापडातून आरपार जाते आणि तिचे टोक चेपून पसरवले जाते, म्हणजे पत्र्याच्या कामात रिव्हेट ठोकतात तसेच. प्लास्टिकचे बटण हेही काट्याचेच बटण, फक्त त्याचा काटा मऊ असल्यामुळे तो पकडीने चेपता येतो.

काट्याची लांबी ठरलेली असते आणि कापडाची जाडी मात्र दर वेळी बदलते. या दोन्हींचा मेळ बसला नाही तर कितीही जोर लावून उपयोग होत नाही. कापड पातळ असेल तर काटा नको तेवढा वर राहतो, चेपताना एका बाजूला कलंडतो आणि बटण डुलत राहते. कापड फार जाड असेल तर काट्याचे टोक वर येतच नाही आणि पसरायला काही उरत नाही.

खरेदी करताना

ठाण्यात जांभळी नाक्याच्या जुन्या बाजारपेठेत आणि वाशी-नेरूळच्या बाजारांत शिलाईचे सामान मिळते; मोठ्या प्रमाणात आणि अधिक प्रकारांत हवे असेल तर मुंबईत क्रॉफर्ड मार्केटपासून भुलेश्वरपर्यंतचा भाग पालथा घालावा. दुकानात ‘प्रेस बटण’ म्हटले की बहुतेक वेळा शिवायचे, चार भोकांचे बटण समोर येते, ज्याला टिच बटण असेही म्हणतात. ठोकायचे किंवा दाबायचे हवे असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि शक्य असल्यास नमुना सोबत न्यावा.

बटणांची मापे ‘लाइन’ या एककात सांगतात. ४० लाइन म्हणजे १ इंच, म्हणून १ लाइन सुमारे ०.६३५ मिलिमीटर होते. २० नंबरचे प्लास्टिकचे बटण साडेबारा मिलिमीटरच्या आसपास भरते आणि घरच्या बहुतेक कामांना ते पुरते. १६ नंबर बाळाच्या कपड्यांना आणि २४ नंबर जाड जाकिटाला किंवा पिशवीला बरे. नंबर आणि प्रत्यक्ष मोजमाप यांत थोडा फरक पडतो, म्हणून पट्टी लावून पाहावे. पकडीत बसवायची डाय (बटण चेपणारा साचा) आणि बटण एकाच मापाचे असले पाहिजेत. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेले संच एकमेकांना जुळतील असे गृहीत धरू नये. मी स्वतः पक्कड पिशवीत घालून नेते आणि एक बटण काउंटरवरच चेपून पाहते.

धातूचे बटण घेताना खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावा. पितळ चुंबकाला चिकटत नाही, लोखंड चिकटते. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही शहरे खाडीकाठची. हवेत ओल कायम असते, आणि जून ते सप्टेंबर या काळात धुतलेले कपडे घरातल्या दोरीवर दोन-दोन दिवस दमट राहतात. वर नुसता मुलामा दिलेले लोखंडी बटण अशा हवेत लवकर गंजते, आणि पांढऱ्या सुती कापडावर पडलेला गंजाचा डाग सहसा पूर्णपणे निघत नाही. पितळही कळकते, त्यावर हिरवट थर येतो, परंतु ते लोखंडासारखे खाऊन जात नाही. उरलेली बटणे घट्ट झाकणाच्या डबीत, औषधांच्या बाटलीत असते तशी ओल शोषणारी पुडी टाकून ठेवावीत.

कापडाची तयारी

बटण जिथे येणार तिथे कापडाचे निदान दोन पदर आणि त्यांच्यामध्ये आधार असला पाहिजे. शर्टाची पट्टी दुमडलेली असते, त्यामुळे दोन पदर आपोआप मिळतात. त्यांच्यामध्ये इस्त्रीने चिकटणारे पातळ बक्रम (कापडाला ताठपणा देणारे अस्तर) घातले की बहुतेक सुती कापडांना पुरते. बक्रम पट्टीच्या पूर्ण लांबीला लावावे. फक्त बटणाखाली चौकोनी तुकडे चिकटवले तर त्या तुकड्यांच्या कडा काही धुलाईनंतर वरून उमटतात आणि ताण नेमका त्या कडेवर येतो. होजिअरीसारखे ताणणारे कापड असेल तर आधाराचा पदर न ताणणाऱ्या कापडाचा घ्यावा. जुन्या सुती चादरीची पट्टी यासाठी उत्तम. ताणणाऱ्या कापडात बटणाभोवतीचे फासे हळूहळू रुंदावतात आणि बटण एक दिवस आरपार निसटते. त्याला थांबवणारे त्या विणीत काहीच नसते.

कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नवे सुती कापड पहिल्या धुलाईत आटते आणि बटणे मात्र जागच्या जागी राहतात, त्यामुळे पट्टी बटणांच्या मध्ये फुगते. सगळ्या टिपा आणि काठाची दुमड पूर्ण झाल्यावरच बटणे बसवावीत, कारण बटण बसलेल्या पट्टीवर यंत्राचा दाबपाय नीट टेकत नाही आणि सुई धातूला लागून मोडते.

बटणाचा मध्य पट्टीच्या काठापासून किती आत असावा, याचा माझा हिशेब असा आहे: बटणाच्या रुंदीचा अर्धा भाग आणि त्यावर पाच ते सहा मिलिमीटर. म्हणजे २० नंबरच्या बटणासाठी मध्य काठापासून सुमारे १२ मिलिमीटरवर येतो. शिवणीच्या जाड कडेवर, जिथे एका बाजूला चार पदर आणि दुसऱ्या बाजूला दोनच, तिथे बटण कधीही घेऊ नये. ते तिरपेच बसणार.

यानंतरची पायरी नवशिके हमखास गाळतात, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवते. कपड्यावर हात ठेवण्यापूर्वी त्याच कापडाचा, तेवढ्याच पदरांचा आणि त्याच बक्रमाचा एक चाचणी तुकडा तयार करावा. तळहाताएवढा पुरे. त्यात आरीने (मुठीच्या टोकदार, जाड सुईसारख्या हत्याराने) भोक पाडून काटा घालावा आणि तो दुसऱ्या बाजूला किती वर येतो ते पाहावे. दोन ते तीन मिलिमीटर वर येत असेल तर माप योग्य. त्याहून बराच जास्त असेल तर आणखी एक पदर किंवा जाडसर बक्रम घालावे. जेमतेम टोक दिसत असेल तर लांब काट्याचे बटण घ्यावे किंवा पदर कमी करावेत. मग त्या तुकड्यावर बटण पूर्ण बसवून वीस वेळा उघडबंद करावे. तुकडा टिकला तर कपडा टिकेल. मी असे तुकडे फेकत नाही; त्यांच्यावर कापडाचे नाव आणि बटणाचा नंबर लिहून एका डब्यात ठेवते, आणि पुढच्या वेळी अर्धे काम वाचते.

खुणा

पहिले बटण तिथे घ्यावे जिथे ताण सर्वांत जास्त पडतो: मोठ्यांच्या शर्टात किंवा कुर्त्यात छातीच्या सर्वांत रुंद रेषेवर, पिशवीत झाकणाच्या मध्यावर. तिथून वर आणि खाली सारख्या अंतराने, साधारण सहा ते आठ सेंटिमीटरवर पुढच्या खुणा कराव्यात. पुरुषांच्या कपड्यात डावी पट्टी वर येते, बायकांच्या कपड्यात परंपरेने उजवी. दाबायच्या किंवा ठोकायच्या बटणात टोपी आणि मादी वरच्या पट्टीला लागतात, मादी अंगाच्या बाजूला तोंड करून. नर आणि त्याच्यामागची टोपी किंवा नळी खालच्या पट्टीवर, नराचे तोंड बाहेर करून. काम सुरू करण्यापूर्वी चारही भाग टेबलावर याच क्रमाने मांडून ठेवावेत. उलटा बसलेला एक भाग काढायला दहा बटणे बसवण्याइतका वेळ जातो.

वरच्या पट्टीची सर्व बटणे बसली की खालच्या पट्टीवर मोजून खुणा करू नयेत. मादीच्या कडेला शिंप्याचा खडू घासावा, दोन्ही पट्ट्या गळ्याच्या आणि खालच्या टोकाला नीट जुळवून टाचण्या लावाव्यात आणि वरून अंगठ्याने दाबावे. खालच्या पट्टीवर खडूचे वर्तुळ उमटते आणि त्याचा मध्य हीच खरी जागा. पट्टीने मोजलेल्या खुणा दोन मिलिमीटर सरकल्या तरी बंद केलेल्या कपड्याला सुरकुती पडते.

सुईदोऱ्याने

हा प्रकार सर्वांत जुना आणि स्वस्त आहे, आणि नाजूक कापडाला अजूनही तोच योग्य, कारण त्यात कापडाला भोक पडत नाही. रेशमी साडीपासून शिवलेल्या कुर्त्याला किंवा पातळ मलमलीला मी दुसरे काही लावत नाही. इथे वरच्या आणि खालच्या पट्टीची वाटणी उलटी होते: चपटा असल्यामुळे नर वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला आणि मादी खालच्या पट्टीवर शिवतात.

दोरा दुहेरी घ्यावा आणि त्यावर मेण फिरवावे. नर जागेवर ठेवून एका भोकातून तीन ते पाच काजटाके घ्यावेत. मग सुई बटणाच्या खालून, दोन पदरांच्या मधून, पुढच्या भोकाशी काढावी. वरच्या पट्टीच्या दर्शनी बाजूवर एकही टाका दिसता कामा नये, म्हणून सुई फक्त आतल्या पदरातून आणि बक्रमातून न्यावी. चारही भोके झाली की बटणाच्या काठाशी दोन बारीक टाके घेऊन दोरा पदरात लपवावा. मग नराच्या टोकाला खडू लावून खालच्या पट्टीवर दाबले की मादीची जागा मिळते.

पकडीने: प्लास्टिकचे बटण

घरात पहिले हत्यार घ्यायचे असेल तर हे घ्यावे. एका बटणाला चार भाग लागतात: दोन टोप्या, एक मादी, एक नर. दोन्ही टोप्या सारख्याच असतात आणि प्रत्येकीच्या मागे मध्यावर टोकदार काटा असतो. पकडीच्या एका जबड्यात टोपी बसण्याची वाटी असते, दुसऱ्यात काटा चेपणारी दांडी. ती बटणाच्या मापाची आहे ना, हे आधी पाहून स्क्रू घट्ट करावा.

खुणेवर आरी सरळ उभी धरून सर्व पदरांतून एकदम आरपार न्यावी. आरी धागे बाजूला सारते, कापत नाही. कात्रीचे टोक किंवा भोक पाडायचा पंच धागे कापतो आणि तिथूनच पुढे कापड फाटत जाते. दर्शनी बाजूने टोपीचा काटा भोकातून घालावा आणि टोपी कापडाला पूर्ण टेकली आहे याची बोटाने खात्री करावी. काट्यावर मादी ठेवावी, तिचे खळग्याचे तोंड आपल्याकडे असावे. आता टोपी पकडीच्या वाटीत नीट बसवून दांडी मादीच्या मध्यावर आणावी आणि आधी हलकेच दाबून थांबावे. सगळे सरळ रेषेत आहे असे दिसले की मग दोन्ही हातांनी, झटका न देता, शेवटपर्यंत दाबावे. पक्कड सोडून कपडा एक चतुर्थांश फिरवून पुन्हा एकदा दाबले तर काटा सर्व बाजूंनी सारखा पसरतो.

बरोबर बसलेल्या बटणात मादीच्या तळाशी काट्याची चपटी, मध्यावर असलेली गोल टिकली दिसते. टिकली एका बाजूला झुकलेली असेल किंवा नखाने मादी उचलली जात असेल, तर ते बटण काढून दुसरे लावावे; पुन्हा दाबल्याने वाकलेला काटा सरळ होत नाही. नर बसवताना हेच सर्व, फक्त टोपी खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूने येते.

ही बटणे पॉलिअॅसिटल नावाच्या प्लास्टिकची असतात आणि ते सुमारे १६५ ते १७५ अंश सेल्सिअसला वितळते. सुती कपड्यासाठी इस्त्री २०० अंशांच्या आसपास तापते, म्हणून इस्त्रीचे टोक बटणाभोवती फिरवावे, बटणावर कधीही टेकवू नये. कपडे बाहेर इस्त्रीला देत असल्यास हे तिथेही आठवणीने सांगावे.

हातोडीने: धातूचे बटण

जीन्सचे कापड, कॅनव्हास, रेक्झिन, चामडे यांना पकडीचा जोर पुरत नाही. इथे लागतो एक लहान संच: टोपी बसण्यासाठी खोलगट तोंडाची छोटी ऐरण, ठोकण्यासाठी एक किंवा दोन ठसे, आणि सुमारे पाव किलोची हातोडी. जड हातोडीचा मोह टाळावा. तीन-चार मध्यम घाव एका मोठ्या घावापेक्षा चांगले, कारण मध्ये थांबून पाहता येते.

घाव कुठे घालायचा, हा इमारतीत राहणाऱ्यांचा खरा प्रश्न आहे. टेबल घावाबरोबर उसळते आणि अर्धा जोर खाऊन टाकते. नुसत्या फरशीवर ठोकले तर ती तडकू शकते आणि खालच्या घरात आवाज घणासारखा जातो. माझ्याकडे आजीचा दगडी पाटा आहे. दोन-तीन घड्यांची गोधडी जमिनीवर, तिच्यावर पाटा, पाट्यावर जाड पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर ऐरण, अशी मांडणी मी करते. पाट्याच्या वजनामुळे घाव घट्ट बसतो आणि गोधडीमुळे आवाज बराच मुरतो. ही जागा खोलीच्या मध्यावर न घेता खांबाजवळ घ्यावी, तिथे जमीन कमी हादरते. दुपारच्या विश्रांतीची वेळ टाळावी, आणि डोळ्यांवर साधा का होईना चष्मा असावा, कारण तिरपा घाव बसला तर धातूचा तुकडा उडतो.

टोपीच्या अर्ध्यापासून सुरुवात करावी. भोक काट्याच्या जाडीएवढेच हवे. आरीने पाडून न भागल्यास सर्वांत लहान मापाचा पंच वापरावा, आणि काटा भोकातून जाताना थोडा अडला पाहिजे. टोपी ऐरणीच्या खोलगट भागात उपडी ठेवावी, म्हणजे तिचा फुगवटा चेपणार नाही. तिच्या काट्यावर कापड दाबून बसवावे, त्यावर मादी, आणि मादीच्या खळग्यात ठसा अगदी उभा. डाव्या हाताने ठसा धरताना मनगट पाट्याला टेकवले तर तो हलत नाही. पहिला घाव हलका, फक्त काट्याचे तोंड उघडण्यापुरता. मग ठसा उचलून पाहावे. टोक मध्यावर पसरायला लागले असेल तर आणखी दोन-तीन घाव. मादी बोटांनी फिरवली असता फिरत नसेल तर तिथेच थांबावे. यापुढचा प्रत्येक घाव खळगा चेपतो आणि स्प्रिंग अडकते, मग नर आत शिरतच नाही किंवा शिरला तर निघत नाही. नवशिक्यांची धातूची बटणे बिघडतात ती बहुतेक वेळा याच जास्तीच्या घावाने.

नराच्या अर्ध्याला टोपीऐवजी चपट्या कडीची नळी असते. ती ऐरणीच्या सपाट बाजूवर नळी वर करून ठेवावी, कापड तिच्यावर बसवावे, नर घालावा आणि त्याच्या मापाच्या ठशाने तसेच ठोकावे. नळीचे तोंड नराच्या आत गोल वळले पाहिजे. ते एका बाजूला चिरले असेल तर भोक तिरपे होते किंवा ठसा कलला होता.

दातेरी कडीच्या बटणाला भोक अजिबात पाडायचे नसते. कडी दाते वर करून ठेवावी, कापड तिच्यावर पसरून दोऱ्याच्या रिकाम्या रिळाने किंवा पेन्सिलीच्या खोडरबरी टोकाने खाली दाबावे, आणि सगळे दाते वर आलेले मोजून पाहावेत. एकही दाता कापडाखाली राहिला तर तो आतून दुमडतो आणि पुढे अंगाला टोचतो. मग खोबण दात्यांकडे करून मादी किंवा नर ठेवावा आणि पकडीने किंवा ठशाने एकसारखे दाबावे.

बाळाचे कपडे

झबल्याला आपल्याकडे पूर्वीपासून बंद असतात, आणि अगदी तान्ह्या बाळासाठी माझ्या मते तेच बरे. बाळ कुशीवर वळते तेव्हा पाठीखाली काही कडक येत नाही. थोडे मोठे झाल्यावर, लंगोटाचा कपडा दिवसातून पाच-सहा वेळा उघडावा लागतो तेव्हा, १६ नंबरची दातेरी कडीची किंवा प्लास्टिकची बटणे सोयीची होतात; दोन बटणांमधले अंतर चार-पाच सेंटिमीटर असावे. काही मुलांच्या त्वचेला धातूतल्या निकेलने पुरळ येतो, म्हणून धातूच्या बटणामागे कापडाचा एक पदर जरूर असावा. तीन वर्षांखालील मूल सुटलेले बटण तोंडात घालते आणि ते घशात अडकू शकते. अशा कपड्याचे प्रत्येक बटण दर धुलाईनंतर ओढून पाहावे आणि किंचितही डुलणारे बटण त्याच दिवशी काढून टाकावे.

पावसाळी कपडा

पाणी न शिरणाऱ्या कापडाला पाडलेले प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असते. म्हणून पावसाळी जाकिटाच्या मुख्य भागातून आरपार जाणारे बटण न घेता, चेनवर येणाऱ्या झाकणपट्टीवर आणि तिच्यासाठी वेगळ्या जोडलेल्या पट्टीवरच बटणे घ्यावीत. आतून त्याच कापडाची गोल थिगळ घातली तर भोकाभोवतीचा मुलामा सोलत नाही. इथे पितळेचा किंवा प्लास्टिकचाच प्रकार वापरावा. दोन पावसाळ्यांत लोखंडाचे काय होते, ते माझ्या जुन्या छत्रीच्या पिशवीवर मी पाहिले आहे.

उघडताना, आणि चुकलेले बटण काढताना

बटण कसे उघडतो यावरही कापडाचे आयुष्य ठरते. पट्टीची टोके धरून ओढू नये. दोन्ही पदर बटणाला लागून अंगठा आणि बोट यांत धरावेत आणि बटणे एकमेकांपासून सरळ सोडवावीत. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे एकदा हातात धरून शिकवले की ती विसरत नाहीत.

चुकलेले बटण ओढून काढू नये. प्लास्टिकचे असेल तर मादीच्या आतली चपटी टिकली नेलकटरसारख्या लहान निप्परने चारी बाजूंनी कुरतडावी, म्हणजे काटा आपोआप सुटतो. दातेरी कडीसाठी कडी आणि मादी यांच्या फटीत चपटा, बोथट स्क्रू ड्रायव्हर घालून एकेक दाता थोडा-थोडा उचलावा, आणि कापड कापले जाऊ नये म्हणून मध्ये जुन्या प्लास्टिक कार्डाचा तुकडा सरकवावा. काट्याच्या धातूच्या बटणाला हाच इलाज आहे, फक्त वळलेले तोंड आधी कानशीने घासून पातळ करावे लागते. काढलेला भाग पुन्हा वापरू नये.

मागे उरलेले भोक लहान असेल तर ओल्या बोटाने धागे परत जवळ आणून वरून इस्त्री करावी. आरीने पाडलेली भोके अशी बरीचशी मिटतात. मोठे झाले असेल तर पट्टीची कडेची टीप चार-पाच सेंटिमीटर उसवून दोन पदरांच्या मध्ये त्याच रंगाच्या घट्ट सुती कापडाचा तुकडा चिकट बक्रमासह घालावा, टीप पुन्हा मारावी, आणि नवे बटण त्याच जागी, पण आधीच्याहून एक माप मोठे घ्यावे, म्हणजे त्याची टोपी जुन्या भोकाच्या कडेपलीकडच्या शाबूत कापडावर टेकते.